वरच्या जबड्यात दात

लातूर जिल्हा नवा झाला त्याच सुमारास मला नोकरी लागली. या दोन वेगळ्या बातम्या आहेत असं आमच्या घरात कुणी मानलंच नाही. वडील नांदेडला एका शाळेत शिपाई होते. भेटेल त्याला ते सांगायचे, "जिल्हा झाला अन् पोरगा लागला." ऐकणाऱ्याला वाटावं, उस्मानाबादचा तुकडा पाडला तो मला बसायला जागा हवी म्हणूनच.

मी जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या खालचा. पण अहमदपूरपासून कच्च्या रस्त्यानं आत ज्या गावात मला नेमलं तिथं डॉक्टर कधी आलाच नव्हता. लोक मला 'डाक्टर' म्हणू लागले. मी दोन-तीनदा दुरुस्ती केली आणि मग सोडून दिलं. दवाखाना म्हणजे सोसायटीच्या गोदामाची एक खोली. दारावरच्या पाटीला चुना फासून वर 'लातूर' लिहिलेलं होतं, पण चुना पातळ होता, त्यामुळं खालचं उस्मानाबादही वाचता यायचं. हजर झाल्याचा कागद मी जुन्या जिल्ह्याला पाठवला, तर उत्तर आलं की हे गाव आता आमच्याकडं नाही. नव्या जिल्ह्याला पाठवला, तर त्यांनी कळवलं की गाव अजून ताब्यात मिळालेलं नाही. दोन-अडीच महिने मी कुठल्याच जिल्ह्यात नव्हतो. काम मात्र चालू होतं.

काम म्हणजे संकरित गाई. गावातल्या लाल कंधारी आणि देवणी गाईंना परदेशी वळूचं बीज द्यायचं, म्हणजे पुढची कालवड जास्त दूध देईल. वळू काही स्वतः येत नसे. त्याचं बीज बारीक नळ्यांत गोठवून नायट्रोजनच्या भांड्यातून यायचं. भांड्याचं झाकण काढलं की पांढरा धूर काठावरून ओघळून खाली पसरायचा. मी खांद्यापर्यंत येणारा हातमोजा चढवायचो आणि कामाला लागायचो. हे सगळं बघायला कायम गर्दी असे. गाय आणणारा मात्र एखादाच.

आमच्या घरात ढोरांचा इतिहास वेगळा होता. आजोबा कंधारकडच्या खेड्यातले. गावातली मेलेली जनावरं ओढून नेणं हे त्यांच्या वाट्याला आलेलं काम. धम्म घेतला तेव्हा त्यांनी आणि महारवाड्यातल्या सगळ्यांनी ते काम टाकलं, आणि गावानं त्यांचं दळण आणि पाणी बंद केलं. माझी नेमणुकीची ऑर्डर वडिलांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "माझ्या बापानं मेलेलं ढोर शिवायचं सोडलं. तू जित्याचा डाक्टर झाला. चांगलं हाय." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पण ढोरं काय आपल्याला सोडून न्हाई राहिली."

वर्ष दुष्काळाचं होतं, आणि ते काही पहिलं नव्हतं. विहिरींच्या तळाला चिखलही उरला नव्हता. टँकर दोन दिवसांआड यायचा. माणसांसाठी पाणी विहिरीत ओतायचा आणि उरलेलं शाळेजवळच्या सिमेंटच्या हौदात, जनावरांसाठी. दावणी रिकाम्या होत होत्या. ज्याला त्याला वाटत होतं की आपलं जनावर अजून उभं आहे तोवर बाजार दाखवावा. आणि अशा वेळी, जास्त खाणारी आणि जास्त पिणारी गाय गावात यावी म्हणून मी दारोदार फिरत होतो. नव्या जिल्ह्याला नवी उद्दिष्टं आली होती. एकदा पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "डाक्टर, कमी पिणारी न्हाई का एखादी तुमच्याकडं?" हा म्हातारा जनावरांचा पारखी. जनावराचं तोंड उघडून वय सांगायचा आणि बाजारात लोक त्याला मुद्दाम सोबत नेत. मी म्हणालो, तसली जात निघालेली नाही. "निघाली की सांगा," तो म्हणाला.

त्या गावात माझ्या हातून पहिली गाय गाभण राहिली ती एका बाईची. मी तिला मावशी म्हणायचो. तिचा नवरा आणि दोन्ही मुलं ऊसतोडीला गेलेली. घर, शेळ्या आणि एक लाल कंधारी गाय तिच्या हवाली. ती तयार झाली ते मी पटवलं म्हणून नाही. गावचा वळू दुष्काळात विकला गेला होता आणि गाय माजावर आली होती, दुसरा इलाज नव्हता. गाय ठरली, म्हणजे पोटुशी राहिली. मी माझ्या रजिस्टरात मोठ्या अक्षरात लिहिलं आणि आठ महिने त्या एका नोंदीवर काढले.

अहमदपूरला आमचे साहेब बसत. पुण्याकडचे, स्वच्छ बोलणारे, मनानं चांगले. आकडे हलत नाहीत म्हणून त्यांनाही वरून विचारणा होत होती. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे हो. आपल्याकडे संकरित गाईंवर एक फिल्म आली आहे. विदेशी आहे, इंग्रजीत आहे. तुम्ही शेजारी उभं राहून सांगत चला."

"साहेब, माझं इंग्रजी बेताचं आहे."

"शब्दाला शब्द नको. आशय सांगा. विषय तुमचाच आहे ना?"

विषय माझाच होता. टीव्ही आणि व्हिडिओ नांदेडच्या एका दुकानातून भाड्यानं आणायचं ठरलं. अहमदपुरात तेव्हा तसलं काही मिळत नव्हतं, आणि नांदेडचा रस्ता मला पाठ होता. दुकानदाराची स्वतःची एक व्हिडिओ खोली होती, तिथं तो दिवसभर पिक्चर दाखवायचा. कॅसेट चालते का बघून घेतो म्हणून त्यानं आमची कॅसेट आत नेली, आपल्या यंत्रात घालून बघितली आणि परत खोक्यात घालून दिली. खोकं आमचंच होतं, एवढं मी तपासलं. जीपमध्ये टीव्ही मांडीवर धरून मी नांदेडहून गावापर्यंत आलो. वाटेत एकदाही मला असं वाटलं नाही की खोकं उघडून आत बघावं.

कार्यक्रम दुपारी, शाळेच्या मोठ्या खोलीत. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, सतरंज्या अंथरल्या. जनावरं विकून मोकळे झालेले लोक, टँकरची वाट बघणाऱ्या बाया, सगळं गाव आत आलं. मावशी दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती. साहेब आणि सरपंच पुढं खुर्च्यांवर. पारखी म्हातारा त्यांच्या पायाशी, कारण त्याला लांबचं दिसत नसे. मी टीव्हीशेजारी छडी घेऊन उभा.

कॅसेट मागं गुंडाळलेली नव्हती. त्यामुळं नाव, पाट्या काही दिसलंच नाही. एकदम एक पांढरीशुभ्र प्रयोगशाळा आली. पांढरे कोट घातलेली माणसं, काचेच्या नळ्या, आणि एका कोपऱ्यात धिप्पाड काळी-पांढरी गाय. माझा जीव भांड्यात पडला. मी छडी वर केली.

"हे शास्त्रज्ञ," मी म्हणालो. "हे उत्तम प्रतीचं बीज निवडून राहिलेत."

पडद्यावर एका बाईनं एक भांडं उघडलं आणि पांढरा धूर ओघळला. खोलीत कुजबुज झाली. "हे भांडं ओळखीचं वाटतं ना? आपल्या दवाखान्यात आहे तेच. घाबरायचं काही कारण नाही, तो नायट्रोजन." मग त्या बाईनं खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. आता मला गंमत वाटायला लागली. मी म्हणालो, "बघा. आपण इथं जे करतो, अगदी तेच. फरक एवढाच की त्यांच्याकडं खोली चांगली आहे." लोक हसले. साहेबांनी मान डोलावली.

ते लोक आपसात खूप बोलत होते आणि त्यातलं मला फारसं कळत नव्हतं. एक म्हातारा शास्त्रज्ञ सारखा नको-नको म्हणत होता आणि एक तरुण त्याला समजावत होता. मी सांगितलं की जुन्या विचाराचे लोक तिकडंही असतात. एका कागदावर गाईचं चित्र होतं, शेजारी चारा आणि पाणी, आणि त्या दोन्हींवर फुली. एवढं इंग्रजी मला आलं. मी म्हणालो, "चारा आणि पाणी न लागणारी जात काढायचा यांचा प्रयत्न आहे."

खोली एकदम सावरून बसली. पारखी म्हातारा वळून मागं सगळ्यांना म्हणाला, "मी इचारलं व्हतं. निघाली बघा."

गाय गाभण राहिली. पोट वाढलं. पोटाची कातडी आतून हलायला लागली, जरा जास्तच. संगीत बदललं. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण बोलणारा माणूस उताराला लागलेल्या गाडीसारखा असतो, आणि खात्यानं शिकवलेलं पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"आणि नऊ महिने नऊ दिवसांनी," मी म्हणालो, "सुदृढ, निरोगी वासरू जन्माला येतं."

ते आलं. त्याला वासराचं तोंड होतं आणि बाकी काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ओलं, राखाडी, पुढचे पाय बोटांसारखे वळणारे. त्यानं आधी आईकडं बघितलं, मग हातमोजेवाल्या बाईकडं, आणि तोंड उघडलं.

कुणी ओरडलं नाही. पारखी म्हातारा पुढं सरकला, काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाला, "डाक्टर, ह्याला समोर वरच्या जबड्यात बी दात हायेत."

ज्यांनी जनावर पाळलं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गाईगुरांना समोरचे दात फक्त खाली असतात, वर नुसती हिरडी. बोटं, डोळे, रंग यांवर गाव कदाचित तडजोड करायला तयार झालं असतं. पण वरचे दात म्हणजे ते गवत खाणारं जनावर नव्हे. चारा लागत नाही याचा अर्थ आता सगळ्यांना एकदम कळला.

साहेब खुर्चीतून वाकून मला विचारत होते, "अहो, हे कोणत्या खात्याचं आहे?" मी बटण बंद करायला हात लावला तर सरपंचच म्हणाले, "राहू द्या. आता काय होतं ते तरी बघू." आणि गावानं तो पिक्चर शेवटपर्यंत बघितला. त्या प्राण्यानं एकेक करून पांढरे कोट संपवले. तरुण शास्त्रज्ञ गेला तेव्हा बायांनी "बरं झालं" म्हटलं. जुन्या विचाराचा म्हातारा शेवटी स्वतः आत राहून सगळी प्रयोगशाळा पेटवून देतो. मी सांगायचं केव्हाच थांबवलं होतं आणि कुणालाच त्याची उणीव भासली नाही.

आमची खरी फिल्म त्याच दुपारी नांदेडच्या व्हिडिओ खोलीत लागली होती. भुताचा पिक्चर म्हणून तिकीट काढून बसलेल्या लोकांनी दुभत्या गाईंचा आहार आणि गोठ्याची स्वच्छता काही वेळ धीरानं बघितली, मग बाकडी मोडली. हे दुकानदारानं मला टीव्ही परत द्यायला गेलो तेव्हा सांगितलं. माझ्यावरच चिडला होता तो.

साहेबांनी वर पाठवलेल्या अहवालात लिहिलं, 'कार्यक्रमास ग्रामस्थांचा उदंड प्रतिसाद लाभला. महिलांची उपस्थिती लक्षणीय. उपस्थितांनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली व प्रश्न विचारले.' यात खोटं असं एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडायच्या आधी मावशी पायरीवर बसलेली. म्हणाली, "काढून टाका."

"काय?"

"माझ्या गाईच्या पोटात तुम्ही जे घातलंय ते."

मी तिला समजावलं. तो पिक्चर होता, खोटा होता, कॅसेट बदलली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "खोटा व्हता तर तुम्ही खरा म्हणून कामून सांगत व्हते? छडी घेऊन?"

मी म्हणालो, "मावशी, चूक झाली. पण गाईच्या पोटात वासरूच आहे."

"मग येईपर्यंत रोज येऊन बघायचं. अन् येईल तवा म्होरं तुम्ही व्हायचं. मी न्हाई."

मी कबूल केलं. रोज सकाळी तिच्या गोठ्यात जायचो, गाईच्या पोटावर हात ठेवायचो, आणि 'वासरूच आहे' असं मोठ्यानं म्हणायचो, कारण कुडाच्या पलीकडं ऐकणारे असत. हळूहळू माझ्या लक्षात आलं की गोठ्याच्या आसपासच्या दावणी लांब गेल्यात. शेजाऱ्यानं आपले बैल दुसऱ्या गल्लीत नेऊन बांधले. पुढच्या आठवड्यात मावशी म्हणाली, गाईला हौदावर येऊ देईनात. तिच्या तोंडचं पाणी बाकीच्या गुरांना नको, असं लोकांचं म्हणणं होतं. ती स्वतःच्या वाटणीतल्या दोन घागरींमधली एक गाईला पाजत होती. पोटुशी गाय एका घागरीवर.

त्या रविवारी मी नांदेडला घरी गेलो. जेवताना वडिलांना सगळं सांगितलं. पिक्चरचं, छडीचं, दातांचं. वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला, आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मग मी हौदाचं सांगितलं. त्यांचं हसू थांबायला थोडा वेळ लागला, आणि मग ते थांबलं.

"गाईला बी?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"तुझ्या आजाच्या वख्ताला निदान म्हणायचे, तुम्ही काम सोडलं. गाईनं काय सोडलं रं?" ते ताटात बोटं फिरवत बसले. उठताना म्हणाले, "तू तिथला डाक्टर हायेस का नुसता पिच्चर सांगणारा, ते एकदा बघ."

सोमवारी टँकर येऊन गेल्यावर मी मावशीच्या गोठ्यात गेलो, गाईचं दावं सोडलं आणि तिला भर गल्लीतून हौदाकडं घेऊन निघालो. मावशी मागून येत होती, थोडं अंतर राखून. हौदाशी पंधरा-वीस माणसं होती. सरपंच पुढं झाले. वाईट माणूस नव्हता तो, गावाची भीती बोलून दाखवणं एवढंच त्याचं काम.

"डाक्टर, लोकांचं ऐका. एवढं बाळंतपण होऊ द्या, मग बघू."

मी त्या क्षणापर्यंत काय बोलायचं ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, "नवा नियम आलाय. संकरित बीजानं गाभण राहिलेल्या जनावराला सार्वजनिक हौदावर अडवलं तर त्या गावाचं नाव छावणीच्या यादीत घालता येत नाही."

जनावरांची छावणी अहमदपूरजवळ निघणार होती आणि तिथं चारा मिळणार होता. यादी करण्याचं काम माझ्याकडं होतं, तेवढं खरं होतं.

"जुन्या जिल्ह्यात असा काय नियम नव्हता," सरपंच म्हणाले.

"म्हणून तर नवा केला जिल्हा."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. मीच पंधरा दिवसांपूर्वी त्यांना सांगितलं होतं की पडद्यावर आपलाच दवाखाना आहे, आणि त्यांनी ते मानलं होतं. आता हेही मानलं. वाट मोकळी झाली. गाईनं हौदात तोंड घातलं आणि ती इतका वेळ पीत राहिली की मला तिच्या घशातला आवाज मोजता आला असता. मी हौदाच्या कठड्याला टेकून उभा होतो. कुणी हौद धुतला नाही, कुणी जनावर मागं ओढलं नाही. मला थोडी लाजही वाटली, कारण खरं सांगून जे झालं नव्हतं ते खोटं बोलून झालं होतं.

गाय व्यायली ती एका सकाळी. मावशीनं निरोप पाठवला तेव्हा ऊन नुकतंच अंगणात आलं होतं. मी पोचलो तर कुडावर, छपरावर, लिंबाच्या झाडावर माणसं. अंगणात मात्र कुणीच नाही. मावशी घराच्या दारात, एक पाय आत.

वेळ कठीण होती. वासरू मोठं होतं, आणि एकच पाय बाहेर येत होता. दुसरा आत दुमडलेला. मी हात आत घातला, वासराला मागं ढकललं आणि दुमडलेला पाय शोधायला लागलो. गाय कळ देई तेव्हा माझा हात चेमटत होता. एकट्यानं पाय सरळ करणं आणि ओढणं जमेना. मी ओरडून म्हणालो, "कुणीतरी या रे." छपरावरची माणसं छपरावरच राहिली.

पारखी म्हातारा आला. धोतर खोचलं, माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "वरचे दात असतील तर आधी तुमचा हात खाईल. मग मी पळतो." पाय सरळ झाला. त्यानं दोरी बांधली. कळ आली की ओढायचं, थांबली की थांबायचं, असं आम्ही दोघं करत राहिलो आणि वासरू घळकन बाहेर आलं.

ते हलत नव्हतं. मी नाकातला चिकटा काढला, वाळल्या गवतानं अंग घासलं, मागचे पाय धरून उलटं केलं. मग ते शिंकलं. छपरावर कुणीतरी 'आलं, आलं' म्हणालं आणि दोन माणसं मागच्या बाजूला उतरली. म्हाताऱ्यानं घाई केली नाही. वासराचं डोकं मांडीवर घेतलं, ओठ वर उचलला आणि हिरडीवरून अंगठा फिरवला. सगळं गाव त्याच्या अंगठ्याकडं बघत होतं.

"न्हाईत," तो म्हणाला.

मावशी दारातून धावत आली आणि गाईच्या गळ्यात पडून रडायला लागली. गाईला तिच्यात काही रस नव्हता, ती वासराला चाटत होती. छपरावरची माणसं आता अंगणात मावेनात.

मला वाटलं, संपलं. पण म्हातारा अजून वासराच्या पाठीवरून हात फिरवत होता. मानेपासून खाली, पुन्हा मानेपासून खाली. "गोऱ्हा हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "अन् वशिंड न्हाई येणार ह्याला. जू कुठं ठेवायचं, डाक्टर?"

हे मला खात्यानं शिकवलं होतं, पण एका ओळीत. संकरित कालवड झाली तर दूध. गोऱ्हा झाला तर त्याला वशिंड पुरतं येत नाही, उन्हात दमतो, औताला जुंपला की जू मागं सरकतं. सगळ्या पत्रकांवर कालवडीचं चित्र होतं. निम्मी वासरं नर असतात याचा विचार पत्रक काढणाऱ्यानं केला नसावा, आणि मीही केला नव्हता.

मावशीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पिच्चरात हे न्हाई दाखवलं."

गाय चांगलं दूध द्यायला लागली, एरवी देई तेवढंच. गाव छावणीला गेलं, मावशीची गायही गेली, यादीत तिचं नाव मी पहिलं घातलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. गोऱ्हा वाढला, भला मोठा, मऊ स्वभावाचा, सावलीत बसून राहणारा. मावशीचा नवरा ऊसतोडीहून आल्यावर त्यानं त्याला औताला लावून बघितलं, दुपारी बारानंतर तो शेतातच बसायचा. शेवटी त्यांनी त्याला गाडीपुरता ठेवला, सकाळ-संध्याकाळ. गावातली पोरं मात्र त्याच्या पाठीवर चढून बसायची, कारण वशिंड नसल्यानं बसायला सोपं जायचं. माझं उद्दिष्ट त्या वर्षी पुरं झालं नाही. जिल्ह्यात कुणाचंच झालं नाही, म्हणून कुणाला काही झालं नाही.

मग बदल्या होत राहिल्या. जिल्हा जुना झाला. वडील गेले. नोकरीची शेवटची वर्षं मी नांदेडच्या टोकाला, किनवटकडं काढली. तिथं असताना वरून एक परिपत्रक आलं. लाल कंधारी ही आपल्या भागाची अमोल जात आहे, उन्हाला टिकते, कमी पाण्यावर जगते, संकरामुळं ती नाहीशी होत चालली आहे, तरी कर्मचाऱ्यांनी गावोगाव जाऊन शुद्ध जातीच्या जतनाचं महत्त्व पटवून द्यावं. मी ते दोनदा वाचलं. कुठल्या कर्मचाऱ्यांमुळं नाहीशी होत चालली, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

इस्लापूरच्या बाजूला एका वस्तीवर मी बैठक घेतली. पडदा नाही, टीव्ही नाही, एका झाडाखाली बसून बोललो. संकर का करू नये ते सांगितलं. वशिंडाचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी जे सांगत होतो ते मला स्वतःला पूर्ण पटलेलं होतं, आणि त्यामुळंच की काय, लोक कंटाळले होते.

शेवटी एक तरुण बाई उभी राहिली. मागं झाडाला तिची गाय बांधलेली होती, तांबूस, तोंडाशी काळी, कास भरलेली. कुणा पर्यवेक्षकाच्या हातची संकरित, उघडच होतं.

"साहेब," ती म्हणाली, "ही अशीच हाय. आता हिचं काय करू?"

"किती वाजता दूध काढता?" मी विचारलं.

"आत्ताच टाइम झालाय."

"मग काढा की," मी म्हणालो.

तिनं बादली आणली. बैठक तिथंच संपली, आणि थोड्या वेळानं सगळ्यांना चहा आला.